सोलापुरात घर घेताना-विकताना: इसाराआधी करायची घराची पाहणी

आपल्याकडं घराचा सौदा कसा होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. रविवारी संध्याकाळी एजंटबरोबर घर बघायचं, हॉलमध्ये चहा घ्यायचा, देवघर कुठल्या दिशेला आहे ते विचारायचं, ओटा आवडला का म्हणून घरच्यांच्या तोंडाकडं बघायचं. तेवढ्यात एजंट कानाशी येतो, "मालक, दुसरी पार्टी तयार आहे, आजच इसार टाका." इसार पडतो. मग वकील, मग बँक, मग खरेदीखत. या सगळ्यात स्लॅब, पाया, हौद कुणी बघितला? बहुतेकांना तो पहिल्या पावसात दिसतो.

म्हणून या लेखातली सगळी कामं इसारपावतीवर सही करण्याआधीची आहेत. सही झाली, पैसे गेले की बोलण्यातला जोर जातो. समोरचा म्हणतो, "बघून घेतलंय ना तुम्ही?" आणि त्यावर उत्तर नसतं.

बँकेनं लोन मंजूर केलं म्हणजे घर चांगलंच असणार, असं मानणारे खूप आहेत. बँकेचा व्हॅल्युअर येतो तो बँकेचे पैसे बुडणार नाहीत एवढं बघायला. वकिलाचा सर्च रिपोर्ट मालकी आणि बोजा सांगतो. यात भिंतीला हात लावून बघणारा कुणीच नाही. घरतपासणीचा वेगळा परवाना असलेला व्यवसाय आपल्याकडं नाही, तेव्हा हे काम सिव्हिल इंजिनिअरकडूनच करून घ्यायचं. घर जुनं असेल किंवा भेगा संशयास्पद असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून. पथ्य एकच: एजंटनं किंवा विकणाऱ्यानं सुचवलेला इंजिनिअर घेऊ नका. फी तुम्ही द्या आणि अहवाल तुमच्या नावानं, लेखी, फोटोंसह घ्या. तोंडी "चांगलं आहे, घेऊन टाका" याला काही किंमत नाही.

पहिली फेरी मात्र तुमची तुम्हीच करा. बरीच घरं त्या फेरीतच गळतात आणि इंजिनिअरची फी वाचते.

कधी जायचं, काय न्यायचं

एजंट संध्याकाळी बोलावतो, कारण तेव्हा ऊन उतरलेलं असतं आणि दिवे लावले की घर छान दिसतं. तुम्ही एकदा दुपारी चारला जा. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा वरच्या मजल्याच्या खोलीत पंधरा मिनिटं पंखा लावून बसा. त्या खोलीत आपण झोपू शकतो का, हे कुणाला विचारावं लागणार नाही. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. दुसरी फेरी पावसानंतर, जमल्यास सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपल्याकडं परतीचा पाऊस जोरात येतो आणि गळती तेव्हाच उघडी पडते. सौदा उन्हाळ्यातच करायचा असेल तर शेजाऱ्यांशी बोला. "पावसात इथं पाणी साचतं का हो?" असं शेजारच्या काकूंना विचारलं की एजंट लपवतो ते सगळं पाच मिनिटांत कळतं.

सोबत टॉर्च, टेप, एक गोटी, रुपयाचं नाणं, टेस्टर, मोबाईलचा चार्जर आणि पेन्सिल न्या. ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा वजन बांधलेला दोरा) मिळाला तर उत्तम, मिस्त्रीकडं असतोच. घरातल्या ज्येष्ठांना पहिल्या फेरीला न्यायचं की नाही, हे आपापलं ठरवा. माझं मत विचाराल तर नको. ते घरमालकाशी नात्यागोत्याच्या गप्पांत रंगतात आणि मग तुम्हाला कपाटामागं वाकून बघायची लाज वाटते.

आधी बाहेर: माती

घरात शिरण्याआधी घराभोवती एक चक्कर मारा, कारण आपल्या भागातल्या निम्म्या दुखण्यांचं मूळ जमिनीत असतं. सोलापूरची जमीन एकसारखी नाही. कुठं दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो, कुठं काळी माती खोलवर जाते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात मोकळ्या रानात हात जाईल अशा भेगा पडतात त्या यामुळंच. पाया मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेलेला नसेल तर दरवर्षी घर थोडं वर, थोडं खाली होत राहतं. सगळं घर एकसारखं हललं असतं तर फारसं बिघडलं नसतं. एक कोपरा ओला आणि दुसरा कोरडा, तिथं भिंत फाटते.

तेव्हा बाहेरून काय बघायचं? जोत्याला लागून चारी बाजूंनी फरशी किंवा कोब्याचा पट्टा आहे का, आणि त्याचा उतार घराबाहेर आहे का. पट्टा जोत्यापासून सुटून मध्ये फट पडली असेल तर माती बसते आहे. गच्चीचे पाईप थेट जोत्याशी सुटतात की पाणी लांब नेलंय? न्हाणीघराचं चेंबर पायाला खेटून आहे का? भिंतीला चिकटून वड, पिंपळ, कडुनिंब असं मोठं झाड आहे का? बोअरच्या केसिंगभोवती जमीन खचली आहे का? कंपाउंडची भिंत कुठं कलली असेल तर तीही खूण धरा. कंपाउंडचा पाया उथळ असतो, जमिनीच्या खोड्या आधी तिथं दिसतात.

मालकाला सरळ विचारा: पाया किती खोल गेला, खाली काय लागलं, जोत्यात भराव कशाचा टाकला? स्वतः उभं राहून बांधून घेतलेला माणूस फटकन सांगतो, "सहा फुटाला मुरूम लागला, तिथनं पीसीसी (बिनसळईचं साधं काँक्रीट) टाकलं." पायाच्या खोदाईचे फोटो असतील तर मागून घ्या. जोत्यात खोदलेली काळी मातीच परत भरली असेल तर फरशी आज ना उद्या बसणार.

नाल्याजवळचं घर असेल तर वेगळी चौकशी करा. आदिला नदीच्या काठानं आणि शेळगीकडच्या नाल्यांच्या आजूबाजूला वस्ती दाट झाली आहे. २०२५ च्या सप्टेंबरात जिल्ह्यात सीना नदीला महापूर आला, तेव्हा शहरातल्या सखल भागांतही पावसाचं पाणी तुंबलं होतं. कंपाउंडच्या आतल्या बाजूनं, मीटरच्या पेटीवर, जिन्याखालच्या भिंतीवर मातकट आडवी रेघ दिसते का बघा. रंग नवा असला तरी जिन्याखाली कुणी रंग मारत नाही.

भेगा वाचायच्या कशा

भेग दिसली की घाबरणारे आणि "हेअर क्रॅक आहे" म्हणून उडवून लावणारे, दोघंही चुकतात. भेग कुठं आहे, कुठल्या दिशेला जाते आणि वाढते आहे का, हे तीन प्रश्न विचारायचे.

गिलाव्यावर जाळीसारख्या बारीक भेगा असतील तर त्या बहुधा गिलाव्याला पाणी कमी मारल्याच्या. दिसायला वाईट, घराला धोका नाही. कॉलम आणि विटांची भिंत जिथं मिळते तिथली सरळ उभी भेग जोडावर जाळी न मारल्यानं पडते, तीही दुरुस्त होते. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या खालच्या कडेनं भिंतीत आडवी भेग आपल्याकडं सर्रास दिसते; उन्हानं स्लॅब दिवसा पसरतो, रात्री आकसतो, भिंत तेवढी हलत नाही. गच्चीला उष्णतारोधक थर नसेल तर ती भरली तरी पुन्हा उघडते.

आता काळजीच्या. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून निघून तिरपी, पायऱ्या-पायऱ्यांनी विटांच्या सांध्यातून वर जाणारी भेग म्हणजे पायाचा एक भाग बसलाय किंवा उचललाय. ती आत आणि बाहेर दोन्ही बाजूंना एकाच जागी दिसत असेल तर पहिल्या फेरीतच थांबा आणि इंजिनिअरला बोलवा. भेगेत रुपयाचं नाणं उभं जात असेल तरही तेच. कॉलममध्ये सळईच्या रेषेत उभी भेग किंवा बीममध्ये तळाला लांब भेग, त्याखाली तांबूस डाग, म्हणजे आत सळई गंजते आहे. गंजलेल्या लोखंडाचं आकारमान दुपटीहून जास्त होतं आणि ते काँक्रीटला आतून ढकलतं. नाण्यानं ठोका. घट्ट काँक्रीटचा आवाज बारीक येतो, सुटलेल्याचा भद्द.

वाढते आहे का, हे बघायला भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा, टेप धरून फोटो घ्या. पंधरा-वीस दिवसांनी परत बघा. मालक एवढी मुभा देत नसेल तर कारण विचारा.

गोटी फरशीवर ठेवा. न्हाणीघराकडं, बाल्कनीच्या जाळीकडं गेली तर बरोबर आहे. हॉलच्या मधोमध ठेवली आणि एकाच कोपऱ्याकडं पळाली, त्याच कोपऱ्यातलं दार चौकटीत खेटत असेल आणि वर तिरपी भेगही असेल, तर तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगतायत.

नव्या रंगाकडं मात्र संशयानं बघायचं. सगळं घर रंगवलं असेल तर ठीक, विकताना रंगवतातच. पण एकाच खोलीची एकच भिंत, किंवा छताचा एकच चौकोन ताजा असेल तर त्याखाली काहीतरी आहे. कपाटाच्या बाबतीत तर ठरलेला संवाद होतो. "काका, हे कपाट जरा सरकवलं तर चालेल का?" "अहो ताई, जड आहे ते." तेव्हा टॉर्च घेऊन फटीतून बघा. भिंतीवर पांढरा लोणा, फुगलेला रंग किंवा बुरशीचा वास आला की उत्तर मिळालं.

गच्ची आणि तिच्या खालची बाजू

गच्चीवर गेल्याशिवाय घर बघितलं असं म्हणू नका. एजंट "वर काय, टाक्याच आहेत" म्हणाला तरी जा. ब्रिक बॅट कोबा (विटांचे तुकडे घालून केलेला पाणीरोधक थर) केलाय की नुसत्या स्लॅबवर पांढरा रंग मारलाय, हे बघा. उतार साधारण शंभराला एक हवा, म्हणजे दहा फुटांना इंच-सव्वा इंच. दोन बादल्या पाणी ओता आणि ते कुठं जातं बघा. तोटीकडं न जाता मधेच थबकलं तर त्या जागेच्या बरोबर खाली घरात जाऊन छत तपासा. पॅराफिट (गच्चीचा कठडा) आणि गच्ची जिथं मिळतात तिथं गोलाई काढलेली असावी. तिथली फट हीच गळतीची सर्वांत आवडती वाट. चायना चिप (टाइल्सच्या तुकड्यांचा थर) बसवली असेल तर नाण्यानं ठिकठिकाणी ठोकत जा. भाकरी फुगावी तसा थर उचललेला असेल तर त्याखाली पाणी बसलेलं असतं.

खालून स्लॅब बघताना गिलाव्याचे पोपडे, तपकिरी रेघा, सळई उघडी पडलेली जागा शोधा. स्लॅबमध्ये सळईखाली किमान २० मिलिमीटर काँक्रीट असायला हवं, कॉलमला ४०. जुन्या घरांत सेंट्रिंगवाल्यानं कव्हर ब्लॉकच (सळई फळीपासून वर धरणारे छोटे ठोकळे) लावलेले नसतात आणि सळई नुसत्या गिलाव्याच्या आधारानं झाकलेली असते. न्हाणीघराचं, जिन्याचं आणि बाल्कनीचं छत आधी बघा, कारण गंज तिथं लवकर धरतो. छज्जे विसरू नका.

छज्ज्यावरून आठवलं, कूलर. सोलापुरात प्रत्येक खिडकीबाहेर कूलर असतो आणि चार महिने त्याचं पाणी त्याच भिंतीवर ठिबकतं. खिडकीच्या खालच्या भिंतीला आतून हात लावून बघा, गिलावा भुसभुशीत लागला तर कारण बहुधा तेच. दुरुस्ती स्वस्त आहे; भाव पाडायला मात्र हा मुद्दा लोक उगाच वाढवून वापरतात.

आणि टाक्या. एक हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून लोक एकेक करून काळ्या टाक्या वाढवत नेतात आणि त्या जिथं जागा दिसेल तिथं, स्लॅबच्या मधोमध ठेवतात. टाकी बीम-कॉलमच्या माथ्यावर हवी. खोलीच्या मध्यावर दोन-तीन टाक्या दिसल्या तर खाली येऊन त्याच जागी छत लवलंय का, दोरी धरून बघा.

पाणी

पुण्यातला माणूस घर बघताना पार्किंग विचारतो, आपण विचारतो पाणी किती दिवसाआड येतं. शहराला उजनी, भीमेवरची टाकळी आणि हिप्परग्याचा एकरुख तलाव इथून पाणी मिळतं, आणि नळाला ते काही दिवसांच्या अंतरानं सुटतं. म्हणून दर घराला हौद असतो, आणि माझ्या मते सोलापुरी घराच्या पाहणीत सर्वांत दुर्लक्षित जागा ही हौदाचीच.

कारण साधं आहे. हौद बहुधा पार्किंगखाली, कॉलमच्या शेजारी बांधलेला असतो. त्याला बारीक चीर पडली की पाणी गुपचूप काळ्या मातीत मुरत राहतं. माती तेवढ्याच बाजूला फुगते, आणि वर हॉलच्या भिंतीत तिरपी भेग येते. लोक भेग भरतात, रंग मारतात, पुढच्या वर्षी परत भरतात. हौदाकडं कुणाचं लक्ष जात नाही.

तपासणी अशी करा. मालकाला सांगून रात्री हौद भरून घ्या, मोटर आणि सगळे कॉक बंद, नळ सुटण्याचा दिवस नको. पट्टी बुडवून पातळी मोजा, सकाळी पुन्हा मोजा. झाकलेल्या हौदात रात्रभरात पातळी उतरायला नको. आठ बाय सहा फुटांच्या हौदात एक इंच उतार म्हणजे ११० लिटरच्या वर पाणी जमिनीत गेलं. हौद रिकामा बघायला मिळाला तर टॉर्च मारून कोपरे आणि पाईप शिरतात त्या जागा बघा. झाकण रस्त्याच्या किंवा चेंबरच्या पातळीखाली असेल तर पावसाचं घाण पाणी आत जातं, हेही तिथंच कळेल.

नळजोडणी कुणाच्या नावावर आहे, अधिकृत आहे का, पाणीपट्टी भरलेली आहे का, ते पावती बघूनच माना. पाणी सुटतं त्या वेळी एकदा जाऊन बघा. नळाला थेट मोटर लावल्याशिवाय येतच नसेल तर तो नियमबाह्य उपाय तुमच्याही माथी येणार.

बोअर असेल तर किती फूट, मोटर कितीव्या फुटावर, मे महिन्यात किती वेळ चालते, हे विचारा आणि उन्हाळ्यात असाल तर चालवून बघा. बोअर सामाईक असेल तर तसं खरेदीखतात लिहून यायला हवं. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले धरतात, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. कठीणपणासाठी हेच आकडे २०० आणि ६०० आहेत. नळाच्या तोट्यांवर पांढरे खडे साचलेले दिसले तर गीझर आणि पाईप आतून तसेच असणार. सेप्टिक टँक किंवा शोषखड्डा बोअरच्या जवळ असेल तर जंतूंची तपासणीही सांगा.

लाईट, ड्रेनेज, वाळवी

हे भराभर होतं. प्रत्येक सॉकेटला चार्जर लावून बघा. मुख्य बोर्डात एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारे स्विच) आहेत की अजून पोर्सेलीनचे फ्यूज? ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबा, लाईट गेली पाहिजे. अर्थिंग वायरमनकडूनच तपासून घ्या, स्वतः प्रयोग नको. महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती आहे बघा; दोन एसी, गीझर, बोअरची मोटर यांना तो पुरत नसेल तर वाढवण्याचा खर्च धरा.

सगळे चेंबर उघडा. वर कुणाला तरी बादलीभर पाणी ओतायला सांगा आणि खाली उभं राहून पाणी किती वेळात येतं, तुंबतं का ते बघा. हद्दवाढ भागात (महापालिकेत नंतर आलेल्या वस्त्यांत) ड्रेनेज लाईन गल्लीत आली असली तरी घर तिला जोडलेलं असेलच असं नाही.

लाकडी चौकटी तळाशी चावीनं टोचून बघा. चावी लोण्यासारखी आत गेली की वाळवी.

जुनं घर, मागाचं घर, फ्लॅट

जुन्या पेठांतलं माळवदाचं (मातीच्या छताचं) किंवा दगड-मातीचं घर घेत असाल तर बहुतेक वेळा तुम्ही जागा घेताय, घर नाही, हे मनाशी स्पष्ट ठेवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचे हादरे सोलापुरातही जाणवले होते. तिकडं माणसं दगावली ती बहुतांशी जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद असलेल्या घरांत. अशा घरात भिंतीची आतली आणि बाहेरची दगडांची फळी एकमेकींपासून सुटून पोट फुगलेलं दिसतं का, तुळयांची भिंतीत गेलेली टोकं कुजलीत का, हे बघा. राहायचं असेल तर माळवद उतरवून हलकं छत घालण्याचा खर्च आधीच मांडा.

पूर्व भागात, अशोक चौकापासून पुढं, खाली यंत्रमाग आणि वर बिऱ्हाड अशी घरं पुष्कळ आहेत. माग विकून घर काढलेलं असतं. शहाबादी फरशीवर तेलाचे काळे डाग, कापून टाकलेले बोल्ट दिसले की ओळखायचं. वर्षानुवर्षं खडखडाट सोसलेल्या भिंतींचा गिलावा ठोकून बघा, बीम-भिंतीचे सांधे बघा, आणि वीजजोडणी अजून यंत्रमागाच्या दरात आहे का ते बिलावर वाचा. ती घरगुती करून आणि थकबाकी मिटवून देण्याची जबाबदारी मालकाची, हे लिहून घ्या.

फ्लॅटमध्ये तुमच्या न्हाणीघराचं छत म्हणजे वरच्याच्या न्हाणीघराची फरशी. फॉल्स सीलिंग असेल तर एक पाटी काढून टॉर्च मारा. सर्वांत वरचा मजला असेल तर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च सोसायटी करते का, मागच्या सभांचे ठराव बघून ठरवा. पार्किंगचे कॉलम आणि लिफ्टची खोली नक्की बघा, ती सगळ्यांची म्हणून कुणाचीच नसते. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानंच लागतं, अहवाल मागा. नवा फ्लॅट असेल तर प्रकल्प महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर शोधा. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणं ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरनं तो कळवल्यापासून ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. म्हणून तक्रार फोनवर सांगून थांबू नका. लेखी द्या आणि पोच घ्या.

कागद, पण जमिनीवर उभं राहून

मालकीचा शोध वकिलाचं काम. पाहणीत तुम्ही एवढंच करायचं: मंजूर नकाशा हातात घेऊन घर फिरायचं. खोल्या, मजले, बाजूची मोकळी जागा टेपनं मोजा. नकाशात एक मजला आणि उभे दोन, किंवा बाजूची जागा पत्रा टाकून खोली केलेली, हे प्रकार सर्रास आहेत. वरचा मजला नंतर चढवला असेल तर खालचे कॉलम त्या हिशेबानं होते का, हा इंजिनिअरला विचारायचा पहिला प्रश्न.

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, बिनशेती आदेश, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला), मिळकतकराची पावती बघा. हद्दवाढ भागात गुंठेवारीची, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यांत तुकडे पाडून विकलेल्या जागांची, प्रकरणं पुष्कळ आहेत. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची वाट खुली झाली. "होऊन जातंय मालक, फाईल टाकलीय" यावर जाऊ नका, नियमितीकरणाचं प्रमाणपत्र बघा. होटगी रोडला विमानतळाच्या परिसरात मजला वाढवायचा विचार असेल तर उंचीची मर्यादा आधी तपासा. विमानासाठी २०२३ साली साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली, तिथं तुमच्या जिन्याच्या टोपीची काय कथा.

अहवाल हातात आल्यावर

दोष नसलेलं घर मिळणार नाही. अहवालातल्या गोष्टींचे तीन ढीग करा: सौदा सोडायला लावणाऱ्या, पैशानं सुटणाऱ्या आणि सोडून द्यायच्या. पाया हलता असणं, कॉलममध्ये गंज, बेकायदा मजला हे पहिल्या ढिगात. गच्ची, हौद, वायरिंग दुसऱ्यात. यांचा अंदाज दोन ठेकेदारांकडून लेखी घ्या आणि मग बोलणी करा. "घर जुनं आहे, कमी करा" म्हणण्यापेक्षा "गच्चीचं कोटेशन हे, हौदाचं हे" म्हटलं की समोरचाही आकड्यावर येतो. एक तर मालकानं खरेदीखताआधी दुरुस्त करून द्यायचं, किंवा किंमत कमी करायची, किंवा ठराविक रक्कम काम होईपर्यंत मागं ठेवायची. यातलं जे ठरेल ते इसारपावतीत शब्दशः उतरवा. दुरुस्ती मालक करणार असेल तर सावध राहा. विकून जाणारा माणूस ती स्वस्तातच उरकतो. मला किंमत कमी करून घेणं बरं वाटतं.

विकणाऱ्यांनी काय करावं

गिऱ्हाईक यायच्या आधी आपणच इंजिनिअर बोलावून घर तपासून घ्या. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५५ प्रमाणं, मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत दिसणार नाही, तो सांगणं विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. हौद गळतो हे ठाऊक असून पुट्टी मारून गप्प बसलात तर उद्या वकिलाची नोटीस दारात येऊ शकते. दोष लिहून दिला, समोरच्यानं सही केली, की तुम्ही मोकळे.

काय दुरुस्त करावं? गळणारे नळ, तुटलेली चेंबरची झाकणं, गच्चीच्या तुंबलेल्या तोट्या, खेटणारी दारं, जळके स्विच. खर्च थोडा, पण घर सांभाळलेलं दिसतं. नवीन मॉड्युलर किचन किंवा फॉल्स सीलिंग विकण्यासाठी करू नका; घेणारा ते काढून स्वतःच्या आवडीचं करतो, आणि फॉल्स सीलिंग बघून उलट संशय येतो. रंग द्यायचा तर गळती थांबवून, भिंत वाळवून मग द्या.

पाहणीच्या दिवशी हौद आणि टाक्या भरून ठेवा, कपाटं भिंतीपासून हातभर पुढं ओढा, गच्चीची किल्ली हाताशी ठेवा, आणि एका फाईलमध्ये नकाशा, बिलं, बोअरची पावती, वॉटरप्रूफिंगची हमी लावून ठेवा. घेणारा टॉर्च घेऊन वाकून बघत असेल तर त्याच्या मागंमागं फिरू नका. चहा ठेवा.

ताब्याच्या दिवशी

खरेदीखताच्या आदल्या दिवशी पुन्हा एक फेरी मारा. सामान हललेलं असतं, भिंती उघड्या पडलेल्या असतात. कपाटामागची भिंत आता नीट दिसेल. ठरलेले पंखे, गीझर, मोटर जागेवर आहेत का बघा. बोअरची मोटर काढून नेलेली मी बघितली आहे, म्हणून यादीत तिचा क्रमांक लिहून ठेवा. वीज मीटरचं रीडिंग दोघांनी मिळून फोटोत घ्या, मिळकतकर आणि पाणीपट्टी त्या तारखेपर्यंत भरल्याची पावती घ्या. वीज, नळ आणि मिळकतकराच्या नावात बदल करण्याच्या अर्जांवर मालकाच्या सह्या त्याच बैठकीत घेऊन टाका. नंतर ते पुण्याला मुलाकडं जातात आणि सहीसाठी तुम्हाला हेलपाटे पडतात.